व्हिसाकाका

लग्न जुळवणारा, वावराच्या बांधावरची भांडणं मिटवणारा आणि म्हैस नुसती पाहून तिचं दूध सांगणारा, असे तीन तज्ज्ञ वऱ्हाडात पूर्वापार आहेत. गेल्या काही वर्षांत त्यांच्यात चौथ्याची भर पडली आहे. स्वतः इंग्लंडला न जाता गावातली पोरं इंग्लंडला पाठवणारा. प्रत्येक मोठ्या गावात हा एक तरी सापडतोच. आमच्या अमरावतीतला साईनगरात राहतो. त्यांचं खरं नाव पेन्शनच्या पुस्तकावर असेल. बाकी गाव त्यांना व्हिसाकाका म्हणतं.

काका एका बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर माणसं देवळाकडे वळतात, काका ब्रिटिश सरकारच्या नियमावलीकडे वळले. सकाळी पारायण, दुपारी चिंतन, सांजच्याला निरूपण. मे महिन्यात पारा ४५ ला टेकलेला असतो, कूलरमधलं पाणी संपलेलं असतं आणि काका बनियन-पायजम्यावर खुर्चीत मांडी घालून समोरच्या घामाघूम पोराला सांगत असतात, "थर्मल घेशीन तं अंगाले चिकटणारं घेजो. सुती बनियन आतून घालशीन तं ओलं होते अन् मंग थंडी वाजते." लीड्सला डिसेंबरात पावणेचारच्या सुमारास सूर्य बुडतो, लीड्सची गाडी लंडनच्या किंग्ज क्रॉसवरून सुटते, तिथल्या प्लगला तीन जाड चौकोनी पाय असतात, हे सगळं त्यांना पाठ. बडनेऱ्याहून अमरावतीला येणारी शेवटची गाडी कितीची, हे मात्र त्यांना काकूंना विचारावं लागतं.

नवं गिऱ्हाईक आलं की ते आधी युनिव्हर्सिटीचं नाव काढतं. काका हात वर करतात. "ते मंग. आधी कागद."

कागदांमध्ये पहिली अडचण नावाची. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. आधारवर तिसरीच तऱ्हा. त्यात वऱ्हाडात वडिलांच्या नावाला 'राव' आणि 'भाऊ' कुठून येऊन चिकटतील याचा नेम नाही. एका पोराच्या दहावीच्या सर्टिफिकेटवर वडील ज्ञानेश्वर, सातबाऱ्यावर ज्ञानेश्वरराव आणि बँकेच्या पासबुकावर ज्ञानदेव. काकांनी तिन्ही कागद ओळीनं मांडले, चष्मा कपाळावर ढकलला आणि विचारलं, "काऊन बे, तुले तीन बाप हायेत का?" शेजारच्या खुर्चीवर ते तिन्ही बाप एकाच देहात बसलेले होते. ते मान खाली घालून तंबाखू मळत राहिले. पुढचे पंधरा दिवस त्या घराचे इर्विन चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे, नोटरीकडे आणि बँकेत हेलपाटे झाले. पोरगा वैतागला, पण नाव एक झालं.

यानंतर येतो पैसा, आणि इथं काकांचा आवाज देवघरातल्यासारखा होतो. "अठ्ठावीस दिवस." नियम असा की शिक्षण शुल्काचा राहिलेला भाग आणि राहण्या-जेवणाचा खर्च एवढी रक्कम खात्यात सलग २८ दिवस असायला हवी, आणि त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या आधीच्या ३१ दिवसांतला हवा. राहण्या-जेवणाची रक्कम नोव्हेंबर २०२५ पासून लंडनसाठी महिन्याला १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड, जास्तीत जास्त नऊ महिन्यांची धरायची. म्हणजे लंडनबाहेरचा आकडा १०,५३९ पौंड. काका हा आकडा पाढ्यासारखा म्हणतात. मध्ये एक दिवस जरी रक्कम खाली गेली तरी मोजणी पहिल्यापासून. आमच्याकडच्या सुतकापेक्षा हे कडक. सुतकात निदान अंघोळ करून सुटका होते.

दर्यापूरकडच्या एका घरानं खात्यात बरोब्बर लागेल तेवढीच रक्कम ठेवली, वर एक रुपया नाही. महिना भरत आला होता. तेवढ्यात आजोबांचा फवारणीचा पंप बिघडला. खात्यावर त्यांचंही नाव, ते गेले आणि पाच हजार काढून नवा पंप घेऊन आले. काकांना हे कळलं तेव्हा ते काही वेळ बोललेच नाहीत. मग आजोबांना फोन लावून म्हणाले, "बुढेबुवा, त्या पंपानं पऱ्हाटीवरची अळी मरन का नाही मले माहीत नाही, पन तुमच्या नातवाचा सप्टेंबर मेला." तेव्हापासून काका प्रत्येकाला थोडे पैसे वर ठेवायला लावतात. पौंडाचा भाव रात्रीतून हलतो, हे त्यांचं अधिकृत कारण. अनधिकृत कारण आजोबा.

पैसा विद्यार्थ्याचा स्वतःचा किंवा आई-वडिलांचा हवा. आई-वडिलांचा असेल तर जन्मदाखला आणि त्यांचं संमतिपत्र जोडायचं. मामाच्या खात्यातली शिल्लक चालत नाही. लग्नाकार्यात पाचपन्नास माणसांसमोर "भाच्याचा खर्च माझ्याकडे" असं बोलून बसलेल्या मामांना हा नियम कळल्यावर चेहऱ्यावर जे समाधान पसरतं, ते पाहायला मी मुद्दाम काकांकडे जाऊन बसतो.

बँकेच्या शैक्षणिक कर्जाच्या पत्राला मात्र ही अठ्ठावीस दिवसांची अट नाही. पण कर्जाचा विषय निघाला की काका जरा अवघडतात. मोठ्या कर्जाला तारण लागतं आणि शेतजमीन तारण घ्यायला बँका सहसा तयार नसतात. बारा एकर काळी कसदार जमीन असलेला माणूस बँकेत रिकाम्या हातानं उभा राहतो आणि गावठाणाबाहेर दीड हजार चौरस फुटांचा एनए प्लॉट असलेला त्याच्यापुढे जाऊन सही करतो. काकांनी स्वतः पंचवीस वर्षं काचेपलीकडून "एनए आहे का? नाही? मग जमत नाही" हेच म्हटलेलं आहे. आता तोच बाप त्यांच्या ओसरीवर येऊन बसतो. काका काकूंना म्हणतात, "चहात साखर जास्त टाक वं."

मोठ्या शहरातल्या काचेच्या ऑफिसात जाऊन आलेली पोरं काकांशी वाद घालतात. तिथं एसी असतो, भिंतीवर टॉवर ब्रिज असतो आणि सगळं मार्गदर्शन फुकट असतं. काकांचं उत्तर ठरलेलं, "फुकट नाही रे बावा, त्यायले युनिव्हर्सिटी कमिशन देते. ज्या युनिव्हर्सिटीचं कमिशन जास्त, तिचं हवामान चांगलं." हे खरंही आहे, ब्रिटिश विद्यापीठं एजंटांना प्रत्येक प्रवेशामागे पैसे देतात आणि त्यात लपवण्यासारखं कोणी काही मानत नाही. चांगले एजंट असतातही. पण पोराला मास्टर्स कशात करायचं हे ठरायच्या आधीच त्याचं शहर ठरलेलं असेल, तर काकांच्या कपाळावरची शीर दिसायला लागते.

काकांचं खरं कसब मात्र पैशात नाही, अर्जासोबत जोडायच्या निवेदनात आहे. हे मी एकदा जवळून पाहिलं. मूर्तिजापूरकडची एक मुलगी आली होती. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून बीएस्सी झालेली, इंग्लंडात अन्नप्रक्रियेत एमएस्सी करायची होती, रेडिंगचं नाव डोक्यात होतं. मूर्तिजापूर म्हणजे शकुंतला रेल्वेचं गाव. त्या नॅरोगेज गाडीचे रूळ स्वातंत्र्यानंतरही इंग्रजी अमलातल्या एका खासगी कंपनीच्याच मालकीचे राहिले. काकांनी आधी त्यावर पाच मिनिटं घेतली. "त्यायनं रुळाचं भाडं घेतलं, तू डिग्री घेऊन ये, फिटंफाट." मग कागद हातात घेतला.

पहिलंच वाक्य होतं की लहानपणापासून तिला अन्नप्रक्रियेची विलक्षण ओढ आहे.

"लहानपनी तुले कायची ओढ होती?"

"म्हणजे?"

"खरं सांग."

"चिंचांची," मुलगी म्हणाली.

"मंग हे कोनं लिवलं?"

मैत्रिणीनं दिलं होतं. मैत्रिणीला आणखी कोणी दिलं होतं. हीच ओढ काकांनी त्या वर्षी डेटा सायन्सच्या, सप्लाय चेनच्या आणि पब्लिक हेल्थच्या अर्जांतही वाचली होती. त्यांनी कागद बाजूला ठेवला. "तुह्या बाबाच्या वावरात काय हाये?"

"सोयाबीन. त्यात तूर."

"तूर कुठी विकता?"

ती जरा मोकळी झाली. अकोल्याच्या बाजार समितीत. दरवर्षी बाबांचं तिथं ओलाव्यावरून भांडण होतं. व्यापारी मीटर लावतो, आकडा दाखवतो, भाव पाडतो. बाबा म्हणतात मीटर खोटं, व्यापारी म्हणतो तूर ओली. शेवटच्या वर्षी तिनं कॉलेजातलं मीटर वापरून घरच्याच तुरीचे नमुने तपासले. सकाळी, दुपारी, पोत्याच्या तोंडाशी, पोत्याच्या बुडाशी. एकाच पोत्यात आकडा वेगळा यायचा. व्यापारी खोटा नव्हता आणि बाबाही खोटे नव्हते, नमुना कुठून काढला एवढाच फरक होता. मग तिनं तीच तूर भरडून डाळ किती फुटते ते मोजलं. वही अजून घरी आहे.

काकांनी विचारलं, "हे या कागदात कुठी हाये?"

"त्यात काय लिहायचं काका? हे तर घरचंच आहे."

काका उठून आत गेले. मला वाटलं पाणी प्यायला गेले. ते कोरे कागद घेऊन आले आणि तिच्यापुढं ठेवून म्हणाले, "मीटरपासून सुरू कर. चिंचा नको लिवू, पन ओढही नको लिवू." ती ओसरीच्या कोपऱ्यात बसून दिवेलागणीपर्यंत लिहीत होती. तोवर काकांनी तीन पोरांना परत पाठवलं आणि एकाचं नाव दुरुस्त केलं.

काकांना या प्रांतात एकच प्रतिस्पर्धी आहे आणि ती अकोल्याला रतनलाल प्लॉटमध्ये राहते. तिला सगळे लेस्टरमावशी म्हणतात. लेकीच्या बाळंतपणाला ती व्हिजिटर व्हिसावर लेस्टरला सहा महिने राहून आली, म्हणजे नियम देतो तेवढा पुरेपूर वेळ राहिली, आणि बेलग्रेव्ह रोडवरचं प्रत्येक दुकान तिला नावानिशी माहीत आहे. विद्यापीठ तिनं बसमधून पाहिलं. अमरावती आणि अकोला यांच्यात पाणी, रस्ते, उन्हाळा आणि विद्वत्ता यांवरून जी जुनी चुरस आहे, तिच्यात या दोघांनी इंग्लंडची भर घातली. काकांचा पंथ कागदाचा, मावशीचा अनुभवाचा. कागदाचं काकांकडून आणि सामानाचं मावशीकडून, अशी पोरं दोन्हीकडे जातात आणि दोन्ही सल्ले बडनेरा ते अकोला गाडीतच एकमेकांना भिडतात.

मोठी लढाई तुपावरून झाली. एका पोराच्या आजीनं घरच्या गाईचं दोन किलो तूप डब्यात भरून, वरून कणीक लावून बंद केलं. काका म्हणाले, दूध आणि मांस यांपासून केलेला कुठलाच पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये नेता येत नाही. तूप नाही, पेढे नाहीत, खव्याच्या पोळ्या नाहीत. लोणचं, ठेचा, कुरड्या, तीळ-जवसाची चटणी न्या. आजी म्हणाली, "घरच्या गाईचं हाये म्हणा त्यायले." अकोल्याहून मावशीचा निरोप आला, "मी नेलं होतं, मले कोनी पुसलंही नाही." यावर काका जे म्हणाले ते त्यांच्या सगळ्या तत्त्वज्ञानाचं सार आहे, "पुसलं नाही म्हणजे परवानगी देल्ली असं नाही. आपला पोट्टा पहिल्याच दिवशी खोटं बोलून आत जाईन का?" आजी गप्प झाली. मग तिनं कणीक खरवडली, डबा उघडला आणि पोरगा निघेपर्यंत रोज दुपारी वरणभातावर इतकं तूप वाढलं की किराणा दुकानातल्या काट्यावर बॅग तेवीस किलोत बसली, पोरगा मात्र पँटीत बसेना.

एका मुद्द्यावर काका आणि मावशी एक होतात, तो म्हणजे पहिल्या सहामाहीचा निकाल. इथं वर्गात पहिला येणारा मुलगा फोनवर रडवेला होऊन सांगतो, बासष्ट मिळाले. घरात शोककळा. आई अंबादेवीला जाऊन येते, बाप विचारतो पेपर फेरतपासणीला टाकता येतो का. काका त्या घरी स्वतः जातात. तिथं मास्टर्सला पन्नासला पास, साठच्या वर मेरिट आणि सत्तरला डिस्टिंक्शन असतं, ऐंशी पाहिलेला माणूस क्वचित. "तुमच्या पोराले फर्स्ट क्लास भेटला, पेढे वाटा," असं सांगून ते बसून राहतात, पेढे येईपर्यंत. शिवाय तिथं पाठांतराला भाव नाही, दुसऱ्याचं वाक्य नाव न सांगता उचललं तर ती चोरी धरतात, आणि मास्तराला 'सर' म्हणण्याऐवजी नावानं हाक मारायची. या शेवटच्या गोष्टीवर काकांचा स्वतःचाच अजून पूर्ण विश्वास बसलेला नाही. ते पोरांना सांगतात तसंच करा म्हणून, पण आवाज थोडा खाली जातो.

काकांच्या ओसरीवर भाऊसाहेबांचा, म्हणजे पंजाबराव देशमुखांचा फोटो आहे. पापळचा हा शेतकऱ्याचा मुलगा १९२० साली इंग्लंडला गेला, बॅरिस्टर झाला, वेदवाङ्मयातल्या धर्मावर प्रबंध लिहून डॉक्टर झाला आणि परत येऊन त्यानं अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. त्याच्याही आधी, १९०८ साली, अमरावतीचे वकील दादासाहेब खापर्डे टिळकांच्या अपिलासाठी विलायतेला गेले होते. आणि त्याच्याही आधी आपला कापूस गेला. अमेरिकेत यादवी पेटली तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाड आठवला, आणि बडनेऱ्याहून अमरावतीला आलेला रेल्वेचा फाटा त्या गाठींसाठीच. मँचेस्टरला निघालेल्या पोराला काका म्हणतात, "तुह्या पणज्याची सरकी काढून रुई तिकडंच गेली, तूही जा. पन तिच्यासारखा स्वस्तात नको जाऊ."

हे 'स्वस्तात नको जाऊ' ते गमतीत म्हणत नाहीत. शेवटच्या बैठकीत काका एका पाठकोऱ्या कागदावर भागाकार मांडतात. मास्टर्स एक वर्षाचं. आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, आजारी पडा की न पडा. शिकताना आठवड्याला वीस तासांच्या वर काम करायचं नाही. २०२४ पासून शिकवणीच्या मास्टर्सला बायको-पोरांना सोबत नेता येत नाही, ते संशोधनवाल्यांनाच. शिक्षण झाल्यावर नोकरी शोधायला दोन वर्षं मिळत होती, ती १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच वर्ष, फक्त पीएचडीवाल्यांना तीन. भागाकाराच्या खाली महिन्याचा हप्ता येतो. काका तो बापाला दाखवत नाहीत, पोराला दाखवतात. "परत याव लागलं तं हा कोन भरन?"

कित्येक पोरं या कागदापासून परत फिरतात. त्यांचे आई-बाप वर्षभर काकांशी बोलत नाहीत. ज्यांच्यात दम आहे पण पैसा नाही, त्यांना काका शिष्यवृत्त्यांच्या रांगेत उभं करतात. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज, आणि दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा, कामाचा अनुभव असेल तर चेव्हनिंग. पिंप्री खंदारेचा राजू केंद्रे चेव्हनिंग घेऊन लंडनच्या सोआसला गेला, हे ते अशा थाटात सांगतात की नवख्याला वाटावं फॉर्म यांनीच भरला होता. नव्हता भरला. एवढा एकच संशय त्यांनी कधी दूर केलेला नाही.

ती तुरीवाली मुलगी गेली. वर्ष झालं, पदवीदान समारंभाची दोन पाहुण्यांची तिकिटं तिला मिळाली. आई-बाबांची तूर नेमकी सोंगणीला आलेली, ते येऊ शकत नव्हते. तिनं काकांना फोन केला. "काका, तुम्ही अन् काकू या."

काकांकडे पासपोर्ट होता. फॉर्म कसा असतो ते पाहायला त्यांनी तो काढून ठेवला होता. व्हिजिटर व्हिसाचा अर्ज त्यांनी आठवडाभरात भरला. पेन्शनचा दाखला, घराचा कर, मुलीचं निमंत्रणपत्र, काकूंचं आणि त्यांचं लग्नाचं प्रमाणपत्र, जे काढायला लग्नानंतर चाळीस वर्षांनी महानगरपालिकेत जावं लागलं. खात्यात रक्कम ठसठशीत दिसावी म्हणून एक एफडी मोडली. सगळी फाईल तयार झाल्यावर त्यांनी सवयीनं चष्मा पुसला, लाल पेन घेतला आणि ती परक्या माणसाची असल्यासारखी पहिल्या पानापासून तपासायला बसले. प्रवासाचा इतिहास: रामेश्वर, बालाजी. जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर एक, पासपोर्टवर दुसरी. बँकेच्या पानावर ते थांबले. एका आकड्याभोवती लाल गोल काढला.

"या मानसाच्या खात्यात मागच्याच महिन्यात एकदम एवढे पैसे आले," ते काकूंना म्हणाले. "कुठून आले, त्याचा कागद नाही. मी असतो तं व्हिसा नसता देल्ला."

"अवं पन तो मानूस तुमीच हा नं!"

"म्हणून का नियम बदलते?" काका म्हणाले, आणि एफडीची मूळ पावती शोधायला कपाटातली तिसरी फाईल काढली.